हरकाम्या : तारकायानाच्या कामाच्या शटलच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

मित्राच्या कथामालेतले ‘दूरगामी’ हे तारकायान ६४० मीटर लांब आहे आणि त्यावर २०० माणसे राहतात. त्याच्या हँगरमध्ये राहून पडेल ते काम करणारे एक छोटे शटल मी आखायचे आणि मग १:४८ प्रमाणात त्याचे मॉडेल बनवायचे, असे ठरले आहे. ‘हरकाम्या’ हे नाव त्याचेच. नावाबद्दल तक्रार नाही, तक्रार आहे ती नावासोबत आलेल्या रेखाटनाबद्दल. टोकदार नाक, मागे वळलेले पंख, शेपटीकडे तीन भलीमोठी नोझल. थोडक्यात, दूरगामीचेच पिल्लू.

मला ते अवजार म्हणून हवे आहे. त्यामुळे आज एकही रेघ मारली नाही, फक्त कामे विचारून घेतली. दूरगामीच्या कण्यावर मालाचे कंटेनर लावलेले आहेत, ते काढून दुसऱ्या यानाला नेऊन जोडायचे. कवचाची बाहेरून पाहणी करायची, किरकोळ दुरुस्ती करायची. चार-सहा माणसांची ने-आण. आणि बाहेर कोणी अडकलेच तर ओढून आणायचे. या चारांतले पहिले काम सगळ्यात जड, म्हणून आकार तेच ठरवणार.

७ जानेवारी

पंखांवरून फोन. “अरे, पंखच नसले तर वाचकाला ते उडतंय असं वाटणार कसं?”

हवा नाही तिथे पंख म्हणजे नुसते वजन. अपोलोचे ल्युनर मॉड्यूल, म्हणजे चंद्रावर उतरायचे यान, हे केवळ निर्वातात वापरण्यासाठी बांधलेले, माणसांना नेणारे पहिले यान. १९६९ च्या मार्चमध्ये अपोलो ९ च्या मोहिमेत माणसांनी ते पहिल्यांदा चालवले. त्याला ना नाक, ना शेपूट. कोपरे, टाक्या, पाय, जिथे जे लागले तिथे ते. कुरूप म्हणून हसणारे हसले, पण ते यान हवेतून उडायला आखलेलेच नव्हते.

मग पुढचा प्रश्न, “ग्रहावर उतरणार कसं?” उतरणार नाही. चंद्रासारख्या हलक्या पिंडावरदेखील खालच्या कक्षेतला वेग सेकंदाला सुमारे १.७ किलोमीटर असतो. उतरताना तो मारायचा आणि परत येताना तेवढाच पुन्हा कमवायचा. कंटेनर हलवणाऱ्या यानाला हे जमवायचे म्हटले तर ते निम्म्याहून जास्त इंधनाची टाकीच होईल. दूरगामीवर उतरणीचे वेगळे यान ठेव, म्हणालो. त्याला पंख लाव हवे तेवढे.

१२ जानेवारी

आकडे. रिकाम्या शटलचे वस्तुमान ७ टन धरले, इंधन १ टन. नोझलमधून बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग सेकंदाला २९४० मीटर. रॉकेटच्या नेहमीच्या समीकरणात घातले की मोकळ्या शटलला वेगातल्या बदलाची एकूण शिल्लक मिळते सेकंदाला सुमारे ३९० मीटर. आता पुढे १२ टनांचा भरलेला कंटेनर जोडा. तीच शिल्लक १५० वर येते. इंधन तेवढेच, पण ढकलायचे ओझे अडीचपट.

१५० मीटर म्हणजे या कामाला भरपूर आहेत. दूरगामीच्या आसपासच्या काही किलोमीटरांत सेकंदाला एक-दोन मीटरने गेले तरी चालते. घाई फक्त सुटकेच्या कामात, आणि तेव्हा कंटेनर नसतोच.

एक गंमत सुचली ती इथे टिपून ठेवतो. दूरगामीला कृत्रिम गुरुत्वासाठी फिरते कडे आहे, त्रिज्या २२४ मीटर, मिनिटाला दोन फेरे. कड्याच्या परिघाचा वेग होतो सेकंदाला ४७ मीटर. शटल तिथून नुसते सोडले तरी तेवढा वेग फुकट मिळतो. पण परत येताना त्याच ४७ मीटरने पळणारी, सारखी वळणारी कड पकडावी लागेल. त्या प्रसंगावर मित्र एक प्रकरण लिहू शकतो, रोजचे काम मात्र तसे चालणार नाही. हँगर न फिरणाऱ्या अक्षावरच.

१३ जानेवारी

हँगरचे दार ७ मीटर रुंद, ५ उंच. मित्राने सहज सांगून टाकले. मी ते लिहून त्याच्याकडून कबूल करून घेतले. आता बदलायचे नाही.

१९ जानेवारी

कंटेनर कुठे लावायचा? आज दिवसभर हेच.

बहुतेक चित्रांत तो पोटाखाली दाखवतात, पक्ष्याने भक्ष्य धरावे तसा. करून पाहिले. शटलचा मध्य आणि कंटेनरचा मध्य यांत ३ मीटर अंतर धरले, तर ८ टन आणि १२ टन मिळून झालेल्या जोडाचा वस्तुमानमध्य शटलच्या अक्षापासून १.८ मीटर खाली सरकतो. मुख्य इंजिनांचा जोर ४००० न्यूटन. तो १.८ मीटर बाजूने लागला की ७२०० न्यूटन-मीटरचे पीळ-बल. इंजिन लावल्याबरोबर सगळा जोड कोलांटी खाणार, आणि ती थांबवायला बाजूचे थ्रस्टर, म्हणजे दिशा सांभाळणारी छोटी नोझल, सतत फुंकत राहणार. गेले सगळे इंधन.

म्हणजे कंटेनर जोराच्या रेषेतच हवा. मागे बांधून ओढायचा तर एक्झॉस्ट थेट मालावर. इंजिने बाहेर काढून तिरकी करता येतात, १५ अंशांच्या तिरकेपणाला जोर साडेतीन टक्क्यांनीच घटतो. मोह पडला होता. पण पोचल्यावर जोडायचा असतो कंटेनर, शटल नव्हे. तोच पुढे हवा. तेव्हा ढकलायचे.

ढकलायचे ठरले की समोरची खिडकी मेली. ६.१ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद पेटी नाकासमोर असताना चालकाला काय दिसणार? म्हणून केबिन अक्षावरून काढून डावीकडे, कंटेनरच्या कडेच्या पलीकडे पाहता येईल इतकी बाहेर. अक्षापासून २ मीटर.

रेखाटनात पहिल्यांदाच काहीतरी जिवंत दिसले. एका खांद्यावर डोके असलेले यान.

२१ जानेवारी

मित्राची प्रतिक्रिया: “हे वाकडं आहे.” हो.

२५ जानेवारी

वाकडे असले तरी तोल हवा. केबिन २ टन, डावीकडे २ मीटर. उजवीकडे २.५ मीटरवर १.६ टन ठेवले की हिशेब मिटतो. एअरलॉक (बाहेर जाण्याची दोन दारांची खोली), यांत्रिक हात आणि रेडिएटर (उष्णता बाहेर टाकणारे फलक) मिळून तेवढे सहज भरतात.

इंधन आणि वायू मात्र तोल साधायला वापरायचे नाहीत, कारण ते संपतात. संपणारे सगळे अक्षाला धरून आणि सममित, न संपणारे कुठेही. या एका नियमाने टाक्यांची जागा आपोआप ठरली. मधल्या चौकटीत मिथेन आणि ऑक्सिजन, त्यांच्याभोवती चार नायट्रोजनचे गोळे.

नायट्रोजन कशाला? कवचाजवळ काम करताना गरम एक्झॉस्ट नको. तो जवळच्या पृष्ठभागावर आदळतो, ढकलतो, मळवतो. नासाच्या स्पेस शटललाही अवकाश स्थानकाजवळ जाताना थेट समोर फुंकणारे थ्रस्टर बंद ठेवून तिरक्या थ्रस्टरवर ब्रेक लावावा लागे. आणि १९८४ च्या ७ फेब्रुवारीला ब्रूस मॅककँडलेस दोरीशिवाय अवकाशात तरंगला, तो पाठीवरच्या नायट्रोजनच्या २४ बारीक थ्रस्टरवर. थंड वायूचा जोर कमी आणि बाहेर पडण्याचा वेगही कमी, पण तो काही जाळत नाही की डागाळत नाही.

१५० किलो नायट्रोजनवर मोकळ्या शटलला सेकंदाला १३ मीटर मिळतात. पाहणीचा वेग सेकंदाला ३० सेंटीमीटर, म्हणजे दूरगामीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्ध्या तासाहून थोडे अधिक. रेंगाळत, नीट बघत. पुरेसे आहे.

२ फेब्रुवारी

इंधन मिथेन का, यावर एक परिच्छेद मित्राला लिहून दिला. तो त्याला फार आवडला, म्हणून इथेही.

खऱ्या यानांत अशा कामाला बहुधा हायड्रॅझिनच्या जातीची इंधने आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड वापरतात. दोन्ही एकत्र आली की ठिणगीशिवाय पेट घेतात आणि टाकीत वर्षानुवर्षे टिकतात. पण दोन्ही जबरदस्त विषारी. रोज हँगरमध्ये येणारे यान आणि बाहेरून सूट घालून परतणारी माणसे असताना ते मला नको. मिथेनला पेटवणी लागते, टाक्या थंड ठेवाव्या लागतात. ते पत्करले.

त्याच्या बदल्यात जमेची बाजू. माणूस दिवसाला साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. साबातिए प्रक्रियेत त्याचा हायड्रोजनशी संयोग करून मिथेन आणि पाणी मिळते. अशी यंत्रणा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पाण्यासाठी चालवली गेली आहे, तिथे मिथेन बाहेर सोडून देत. २०० माणसांच्या श्वासातून दिवसाला ७३ किलो मिथेन निघू शकते. १ टन इंधनात मिथेनचा वाटा सुमारे २२० किलो, बाकी ऑक्सिजन. म्हणजे हरकाम्याची टाकी भरायला जहाजाचा तीन दिवसांचा श्वास लागतो.

फुकट नाही बरे का. त्या २२० किलो मिथेनमध्ये ५५ किलो हायड्रोजन अडकतो, आणि तो मिळवायला अर्धा टन पाणी फोडावे लागते. शटलची प्रत्येक भरलेली टाकी जहाजाच्या पाण्याच्या खात्यातून जाते. कथेत पाण्याचा हिशेब ठेवणारी अधिकारी आहे. हरकाम्याच्या फेऱ्यांवर तिचे बारीक लक्ष असणार, असे मी सुचवले. यंत्राच्या तपशिलातून माणसाचे भांडण निघाले की मला बरे वाटते.

९ फेब्रुवारी

केबिन. खुर्च्या काढून टाकल्या. ही युक्ती ल्युनर मॉड्यूलची. तिथे दोघे उभे राहून यान चालवत. उभा माणूस खिडकीच्या अगदी जवळ जातो, त्यामुळे छोट्या तिकोनी खिडकीतूनही खूप दिसते, काचेचे वजन वाचते. शिवाय डॉकिंगसाठी, म्हणजे दुसऱ्या यानाला जोडताना बघायला, वर एक वेगळी लहान खिडकी होती. मी तिन्ही घेतल्या, समोरची खिडकी कंटेनरच्या कडेकडे तिरपी केली, आणि उजव्या बाजूच्या आंधळ्या भागासाठी पुढच्या चौकटीवर कॅमेरे.

पडद्यावर काय दाखवायचे? इथे अमेरिकेचे जेमिनी ४ हे यान आठवले. १९६५ च्या जूनमध्ये जेम्स मॅकडिव्हिटने आपल्याच रॉकेटच्या सुट्या झालेल्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. टप्पा समोर दिसत होता, म्हणून त्याच्याकडे रोख धरून जोर लावला. कक्षेत तसे केले की यान वर चढते, वरच्या कक्षेत गती मंद, आणि लक्ष्य उलट लांब जाते. इंधन बरेच खर्ची पडले आणि प्रयत्न सोडावा लागला. काही मीटरांवर डोळ्यांनी चालवता येते, काही किलोमीटरांवर डोळे फसवतात. म्हणून हरकाम्याच्या मुख्य पडद्यावर समोरचे चित्र नाही. दूरगामीला स्थिर धरून पुढच्या अर्ध्या तासात आपली वाट कशी वळत जाईल, ती रेघ आहे.

१६ फेब्रुवारी

दारे. इथे मी अडून बसलो, कारण अशा यानांत दार हाच खरा मुद्दा असतो.

आंतरराष्ट्रीय डॉकिंग मानकातली माणसांची वाट ८०० मिलिमीटर व्यासाची आहे. स्थानकाच्या मोठ्या जोडणीतले दार सुमारे १.२७ मीटरचे चौकोनी. उपकरणांचे पूर्ण कपाट मोठ्यातून जाते, छोट्यातून जात नाही. हरकाम्याला दोन्ही दिली तर त्याच्यात मालासाठी पोकळीही ठेवावी लागेल. नको. माल कंटेनरमध्येच राहील, मोठे दार कंटेनरला. शटलला माणसांपुरते ८०० चे एक.

दाराआरपार एकही केबल, एकही नळी जाणार नाही, हे आराखड्यावर लाल अक्षरांत लिहिले. १९९७ च्या २५ जूनला प्रोग्रेस एम-३४ हे मालयान हाताने जोडण्याच्या चाचणीत रशियाच्या मीर अवकाश स्थानकाच्या स्पेक्त्र भागाला धडकले. हवा गळू लागली. दार लावून तो भाग तोडायचा, तर दारातून केबल गेलेल्या. त्या आधी सोडवाव्या, कापाव्या लागल्या. जोडणीची सगळी टोके हरकाम्यात दाराच्या कड्यावर बाहेरून आहेत, शटल सुटले की आपोआप सुटणारी.

दुसरे लाल अक्षर: शटलमधली कुठलीही बदलायची वस्तू दूरगामीवरच्या मापाचीच. १९७० मध्ये अपोलो १३ च्या मुख्य यानात हवा शुद्ध करणारे डबे चौकोनी होते, ल्युनर मॉड्यूलमध्ये गोल. जीव वाचवायला पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टीने चौकोनाला गोलाशी जोडावे लागले. दोन्ही याने उत्तम होती, पण एकमेकांसाठी आखलेली नव्हती. सेवेला ठेवलेल्या यानाने हा फरक ठेवणे म्हणजे कामचुकारपणा.

१७ फेब्रुवारी

थ्रस्टर सोळा, चार-चारचे चार गट. प्रत्येक गटाला वेगळी तोटी. १९६६ मध्ये जेमिनी ८ चा एक थ्रस्टर चालू राहून अडकला आणि यान सेकंदाला जवळजवळ एक फेरा घेऊ लागले. तोटी चालकाच्या हाताजवळ, मेनूच्या आत नव्हे. मित्र म्हणाला, “एवढं कोण बघणार?” मॉडेलमध्ये ती अर्ध्या मिलिमीटरची असेल. मी बघणार.

२३ फेब्रुवारी

रेडिएटर. दोन माणसे आणि उपकरणे मिळून ३ किलोवॉट उष्णता धरली. साधारण २७ अंश सेल्सिअसला चांगला पांढरा पृष्ठभाग चौरस मीटरमागे जवळजवळ ३९० वॉट बाहेर टाकतो. ८ चौरस मीटर लागतील, आणि ऊन त्यावर पडले तर जास्त. उजव्या कुशीला दोन फलक. आकृती पूर्ण झाली. लांबी ८.६ मीटर, दारातून जाते, हात घडी करून.

८ मार्च

आता मॉडेल. १:४८ ला लांबी १७९ मिलिमीटर, कंटेनर १२७, चालकाची आकृती ३६. केबिन रेझिनमध्ये प्रिंट केली, बाकीची चौकट स्टायरीन प्लास्टिकच्या पट्ट्यांतून हाताने. चौकट प्रिंट केली असती तर झटपट झाली असती, पण पट्टी कापून, सांधा चिकटवून, काटकोन तपासत गेले की कुठे खरेच आधार लागतो ते हाताला कळते. दोन ठिकाणी आडवे दांडे वाढवले आणि ते मागाहून आराखड्यातही चढवले.

नायट्रोजनचे गोळे. १२५ लिटरचा गोळा ६२ सेंटीमीटर व्यासाचा होतो, मॉडेलमध्ये १३ मिलिमीटर. प्लास्टिकचे मणी नेमके त्या मापाचे मिळतात. भोके पुट्टीने बुजवली, एक मात्र ठेवले. तिथे नळी शिरते.

१५ मार्च

पत्र्याच्या सांध्यांच्या रेघा. तयार किटांत त्या खोल कोरलेल्या असतात. हिशेब करा. १ मिलिमीटरची खाच १:४८ ला जवळपास ५ सेंटीमीटरची फट होते. दाबाखालच्या केबिनला पाच सेंटीमीटरच्या फटी! म्हणून केबिनवर एकही खाच नाही. प्रायमरनंतर कठीण पेन्सिलीने हलकी रेघ, तीही फक्त उघडणाऱ्या झाकणांना. टाक्यांवर सोनेरी फॉइल चुरगळून लावले. खऱ्या आच्छादनाचा सोनेरी रंग सोन्याचा नसतो, ॲल्युमिनियमच्या थरावरच्या पिवळसर पारदर्शक पापुद्र्याचा असतो. फॉइल आधी बारीक चुरगळायचे, नाहीतर घड्या खऱ्या मापात अर्धा मीटर रुंद दिसतात.

२९ मार्च

मळवणे. मॉडेलवाल्यांची सवय अशी की प्रत्येक यानावर वरून खाली ओघळ काढायचे, गंज दाखवायचा. इथे खाली म्हणजे कुठे? पाणी नाही, हवा नाही, गंज कसला? हरकाम्या मळेल तो वेगळ्या जागी. थ्रस्टरच्या तोंडापासून पंख्यासारखी पसरणारी झाक. जोडणीच्या कड्यावर घासून उघडा पडलेला धातू. दाराच्या मुठींवर आणि पाय अडकवायच्या पट्ट्यांवर हातमोज्यांची झीज. उन्हाच्या बाजूचा पांढरा किंचित पिवळट.

खिडकीला एक टोचा. १९८३ मध्ये एसटीएस-७ मोहिमेत रंगाच्या एका बारीक कणाने स्पेस शटलच्या काचेवर खड्डा पाडला होता. सुईने एकच टिंब दिले. दोन दिली असती तर सजावट वाटली असती.

पुढच्या चौकटीवर मात्र मनसोक्त ओरखडे. कंटेनर रोज तिथे टेकतो.

५ एप्रिल

फोटो. हवा नसली की उजेड विखुरत नाही, सावली कडक पडते. म्हणून एकच दिवा, मागे काळे कापड, आणि सावलीच्या बाजूला दूरगामीच्या कवचावरून परतणारा उजेड म्हणून लांबवर एक पांढरा पुठ्ठा. पुठ्ठा जवळ आणला की यान खेळण्यातले दिसते.

मित्राने फोटो पाहून पंखांचा विषय काढला नाही. त्याने विचारले, “चालक डाव्या बाजूला असतो, म्हणजे तो नेहमी उजव्या अंगाला वळून बोलत असेल ना?” असेल. आणि उजवा कान शाबूत नसलेला चालक या यानावर घेतला तर दोन माणसांच्या केबिनमध्ये बरेच काही घडू शकेल, असेही तोच म्हणाला. प्रकरण सुरू केले आहे म्हणे.

१२ एप्रिल

राहिलेले. हाताच्या कोपराची पिन सैल आहे, बदलायची. कंटेनरच्या पकडीचे डीकॅल (चिकटवायचे छापील चिन्ह) वाकडे बसले, नवे छापायला टाकले. मित्राला आता टँकर हवा आहे, हरकाम्यालाच मोठी टाकी लावून. लावणार नाही. टाकी कंटेनरच्या मापाची करायची आणि त्याच पकडीत पुढे जोडायची. भरलेल्या टाकीत द्रव हिंदकळतो, म्हणून आतले आडवे पडदे आणि ते किती अंतरावर, एवढेच काढायचे आहे.